हिदायाचं कोपर

रक्ताचं ताट तापलं की हिदाया बाही वर सरकवायची आणि कोपराची आतली बाजू ताटावरच्या रबरी पडद्याला टेकवायची. बाळाच्या आंघोळीचं पाणी बायका बघतात तसं. मग "बरोबर आहे" म्हणायची, हात काढायची, आणि आम्ही माश्यांचे जाळीचे पिंजरे त्या पडद्यावर मांडायचो, म्हणजे माश्या पडद्यातून सोंड घालून रक्त प्यायच्या. तापमापक होता, तिचं त्याच्याशी वैरही नव्हतं. आकडा बघायची, आणि तरी कोपर लावायची.

बोटं नाही लावायची, कारण तिच्या बोटांना काही कळायचंच नाही. नर आणि माद्या वेगळ्या करायच्या तर माश्या आधी गारठवाव्या लागतात, नाहीतर त्या काय हातात येतात? थंडगार पत्र्यावर निपचित पडलेली एकेक माशी उलटी करायची, पोटाचं टोक बघायचं, नर इकडे, मादी तिकडे. आम्ही बाकीच्या बायका मध्येच उठून हात काखेत दाबायचो, चहाचा पेला कवटाळून बसायचो. हिदाया उठायची नाही. वर्षानुवर्षं त्या पत्र्यावर बसून तिची बोटं बधिर झाली होती. एकदा जाळीची तार तिच्या बोटात घुसली, तर टेबलावरचा थेंब बघून तीच आम्हाला विचारते, "हे कुणाचं?"

समुद्रकाठच्या टांगा शहराबाहेर घायपाताच्या मळ्यांच्या कडेला आमचं माशीघर. जग माश्या मारतं, आम्ही पोसायचो. गावातली माणसं चेष्टा करायची की रिझिकी, आज तुझी लेकरं जेवली का. रिझिकी म्हणजे मी. चेष्टा करणाऱ्याच्या गोठ्यात याच त्सेत्से माशीने गाय खंगवून मारलेली असायची, तरी त्याला आमचं काम कळायचं नाही. मीही समजावत बसायची नाही. शहाण्याला शब्दाचा मार, आणि हे काही शहाणे नव्हते.

काम असं होतं. पोसलेल्यांतले नर यंत्रात घालायचे, किरणांनी त्यांचं बी मारायचं आणि विमानातून समोरच्या बेटावरच्या रानात सोडून द्यायचे. दिसायला तो नर धडधाकट. उडतो, माजतो, मादीला धरतो. आणि ही मादी सहसा आयुष्यात एकदाच नराजवळ जाते. तो एक असला निघाला की संपलं. ती रक्त पिते, हिंडते, म्हातारी होते, पोर काही होत नाही. तिच्यात खोट कसलीच नसते. असे नर हिदायाच्या बधिर बोटांखालून किती गेले असतील, ते देवाला ठाऊक.

ती कमी बोलायची. दुःखी होती म्हणून नाही. मला तिची कीव करणाऱ्यांचा फार राग यायचा, कारण ती कुणाकडे काही मागत नव्हती, कीव तर नाहीच. सकाळी यायची, चपला दाराबाहेर काढायची, संध्याकाळी जायची, सुकटाचं कालवण आणि मक्याच्या पिठाची उगाली करून खायची आणि झोपायची. हसायची तेव्हाही तोंडच हसायचं. माझ्या आईच्या शब्दांत सांगायचं तर ती बाई चूल विझवून झाकण ठेवलेल्या घरासारखी होती.

तिची हकिकत मला तिने नाही, गावाने सांगितली. पांगानीच्या वाटेवरच्या गावात हातिबू म्हणून एक होता. नारळाच्या बागा, रुंद छाती, मोठा आवाज, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर त्याच्याशिवाय कॉफीला रंग चढत नसे. हिदायाला त्याच्या घरात दिली तेव्हा ती कोवळी पोर होती. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, पाळणा हलेना. मग सासूने आणि तातू नावाच्या नणंदेने तिला ताब्यात घेतलं. मुळ्या उकळून पाजल्या. कमरेला ताईत बांधले. भरतीच्या पाण्यात कंबरभर उभं केलं. पोटावर एक म्हातारी चढून नाचली म्हणे. हातिबूला कुणी साधा कडुनिंबाचा पालासुद्धा चावायला दिला नाही. शेवटी त्याने तलाक दिला आणि ती एक चटई आणि अंगाला गुंडाळलेलं कापड, तेवढा कांगा घेऊन भावाच्या दारात आली. मागून तिचं नवं नावही आलं. वांझ.

नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. हातिबूने अंगण बदललं. दुसरी आणली, तिथेही तेच. तिलाही ताईत, तिलाही मुळ्या, तिलाही चटई. ती दुसरी कोरोग्वेच्या एका रेल्वेतल्या माणसाच्या घरात गेली आणि तिला एकामागून एक मुलं झाली. एवढ्यावर तरी माणसांनी बोटांवर हिशोब करावा की नाही? लोक म्हणाले, तिला तिकडचं पाणी मानवलं. पाणी म्हणे. मग पिकल्या केसांनी हातिबूने तिसरी आणली, साउमू नावाची, त्याच्या नातीच्या वयाची. तिलाही पाणी मानवेना.

हिदायाला पुढे एका विधुराचं मागणं आलं होतं, पदरात मुलं असलेल्या. तिने नको म्हटलं. मी एकदा विचारलं, का गं नको म्हटलंस? ती पत्र्यावरची माशी उलटी करत म्हणाली की त्याच्या मुलांना मी जेवायला वाढेन, आणि शेजारीण म्हणेल, हिला काय कळणार पोटच्या पोराचं. आणि मग तिने ती माशी नरांत टाकली.

एका वर्षी आमच्या माद्या गाभडायला लागल्या.

ही माशी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आतल्या आत तिला दूध पाजते, आणि अळी टच्च झाली की खाली सोडते. ती गडद कोश होऊन बसते, त्यातून नवी माशी. म्हणून पिंजऱ्याखालच्या परातीत आम्हाला सकाळी गोल, गुबगुबीत अळ्या दिसायच्या. त्या वर्षी तिथे अर्धवट, पांढुरक्या, सुरकुतलेल्या अळ्या पडायला लागल्या. मग त्याही पडेनात. माद्या जिवंत, पोटभर रक्त पिऊन फुगलेल्या, आणि परात कोरडी.

आमचे डॉक्टर शेमदोए तापट माणूस, पण त्या दिवसांत त्यांनी आवाज चढवला नाही, कारण आवाजानेही मादी गाभडते अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी दारांच्या कडांना चिंध्या लावल्या. उष्मा बघितला, दमटपणा बघितला. एखाद्या पिंजऱ्याला उपास घडतोय का, गर्दी होतेय का, ते बघितलं. आम्हाला अत्तर बंद, डोक्याला खोबरेल बंद. नंतर त्यांनी नर बघितले. जोडी लावायला ठेवलेल्यांत यंत्रातून निघालेले तर मिसळले नाहीत ना, म्हणून आम्हा सगळ्यांची उलटतपासणी झाली. कुठेच काही सापडेना. शेवटी कत्तलखान्यातून येणारं रक्त बघितलं.

तिथे गाठ सुटली. लांबून चालत येणारी गुरं वाटेत कोसळू नयेत म्हणून गुराखी त्यांना पिवळं इंजेक्शन टोचून आणत होते. गुरं जिवंत पोचली की पैसे, असा त्यांचा साधा हिशोब. रक्त माश्यांना जातंय आणि माश्यांचीही कूस असते, हे त्यांच्या स्वप्नात तरी कशाला येईल? ते औषध माशीला मारत नाही. तिच्या पोटात डोळ्याला न दिसणारा एक बारीक जीव राहतो, त्याच्या जोरावर ती पोर वाढवते; औषध त्याला मारतं. माशी जगते, कूस मिटते.

हे कळलं त्या दुपारी सगळे ओट्यावर बसले होते. रक्त आणणारा माणूस चिडून म्हणाला की या माद्याच दळभद्री, फेकून द्या आणि दुसरीकडून आणा. डॉक्टर त्याच्याकडे बघतही नव्हते, चहात तळलेली गोड मांडाझी बुडवत होते. म्हणाले, "अरे, माशी काय मुद्दाम करते का? आपण तिला काय दिलं ते आधी बघायचं. मादीवर ढकलायचं ते सगळं बघून झाल्यावर, शेवटी."

बोलून त्यांनी मांडाझी खाल्लीही. हिदाया मात्र पेला हातात धरून बसली. पेला चांगला कढत होता, पण तिला काय कळणार. उठताना मला म्हणाली, "रिझिकी, दार बघितलं, हवा बघितली, गाय बघितली, नरसुद्धा बघितला. माशीला कुणी एक शब्द बोललं नाही."

बस चुकली असं सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि पेला विसळायला गेली.  

त्यानंतर पावसाळा गेला असेल, आणि एका सकाळी फाटकाशी तातू आली. म्हातारी झाली होती, काठी टेकत होती, पण जीभ टवटवीत. हिदायाला बघताच म्हणाली, "वहिनी, कशी आहेस?"

कामापुरता मामा म्हणतात, ही कामापुरती वहिनी. इतक्या वर्षांत बाजारात हिदाया दिसली की ही बाई रस्ता ओलांडून जायची, की वांझेची सावली नको. आता तिने सांगितलं की हातिबू अंथरुणाला खिळलाय, दिवस भरत आलेत, पण जीव जात नाही. मशिदीतल्या गुरुजींनी सांगितलंय, कुणाची तरी माफी अडलीय.

आमच्याकडे मरायला टेकलेल्याने सगळ्यांची माफी मागून घ्यायची असते, आणि समोरच्याने ती तोंडाने द्यायची असते, चारचौघांत. मनातल्या मनात चालत नाही. आणि खोटी दिली तर देणाऱ्याच्या मानेवर बसते. दुसरी बायको कोरोग्वेहून आली, रडली, देऊन गेली. पोराबाळांची बाई, तिला काय. राहिली हिदाया.

मला वाटलं ही नाही म्हणेल. खरं सांगते, मला नाहीच म्हणायला हवं होतं. पण हिदायाने सकाळचं ताट संपवलं, पिंजरे उतरवले, चपला घातल्या आणि मला म्हणाली, चल माझ्याबरोबर. वाटेत गाडीत तातू एकटीच बोलत होती. दादा गेला की साउमूला तिच्या बापाकडे पोचवायची, असं ती सांगत होती, घरात वांझ बाई ठेवून काय करायचं, बागा आता पुतण्यांच्या. तिला मागणं यायचं तर कोण घालणार, सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. हे ती हिदायाच्या मांडीला मांडी लावून बोलत होती. हिदाया खिडकीबाहेरची घायपातं बघत होती.

हातिबूची छाती खाली बसली होती. पडवीत खाट टाकलेली, गुरुजी, दोन पुतणे, शेजारचे चार म्हातारे, उंबऱ्यात बायका. उशाशी साउमू पेजेचा वाडगा घेऊन उभी. एवढीशी, गालावर अजून पोरीचं मांस. हिदाया खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

हातिबू ठरलेलं बोलला. माझ्या हातून कळत नकळत जे काही झालं असेल त्याची माफी कर.

सगळे हिदायाकडे बघायला लागले. एकच शब्द बोलायचा होता. "दिली." मी तिच्या पाठीशी उभी.

हिदाया म्हणाली, "देते. पण कशाची, ते तू सांग."

तातूची काठी आपटली. "मरणाऱ्या माणसाशी हुज्जत घालतेस?"

"हुज्जत नाही. जे सांगितलंच नाही त्याची माफी कशी देऊ? खोटी दिली तर माझ्या मानेवर बसेल."

गुरुजींनी मान डोलावली. तिचं बोलणं शास्त्राला धरून होतं. हातिबूने डोळे मिटले. एक पुतण्या पुढे सरकला, म्हाताऱ्याला त्रास होतोय म्हणाला. हिदाया खाटेच्या कडेला बसली. आवाज चढवला नाही, माशीघरात जसं बोलायची तसंच बोलली.

"माझं राहू दे, हातिबू. माझं सगळं होऊन गेलं. मला आता कुणी काय म्हटलं तरी लागत नाही. पण ही पोर बघ. उद्या तुझी बहीण हिला माझं नाव देऊन धाडणार आहे. तेवढं नको. हिच्यासाठी सांग."

साउमूच्या हातातला वाडगा कलला आणि पेज तिच्या पायावर सांडली. तिला भाजलं की नाही कुणास ठाऊक, ती हलली नाही.

  मला वाटलं मेला हा, न बोलताच मेला. मग हातिबूने डोळे उघडले आणि हिदायाकडे नाही, म्हाताऱ्यांकडे बघून बोलला. "खोट माझ्यात होती. तिघींत नव्हती. कोरोग्वेवालीला मुलगा झाला तेव्हाच मला कळलं होतं."

तेव्हाच. म्हणजे साउमू तेव्हा जन्मलीही नसेल. सगळं माहीत असून त्याने तिला या घरात आणली, कट्ट्यावरच्या कॉफीत फरक पडू नये म्हणून. माझं डोकं सणकलं. मी असते तर ती माफी नेऊन पांगानीच्या नदीत बुडवली असती.

हिदाया म्हणाली, "दिली."

आणि उठली. तातू तोंडावर कांगा धरून बसली होती. उंबऱ्यातल्या बायकांनी वाट सोडली. हातिबू दुसऱ्या दिवशी गेला, असं मागाहून कळलं.

परतताना गाडीत मला राहवेना म्हणून विचारलं की आता कसं वाटतंय. ती विचार करत राहिली, खरंच शोधत होती आत कुठे काही आहे का. मग म्हणाली, "मला वाटायचं, हे ऐकेन त्या दिवशी मी रडेन. मोठ्याने रडेन. ऐकलं, तर काहीच नाही. तार घुसली तेव्हा झालं ना, तसं. रक्त दिसतंय, पण कुणाचं ते कळत नाही."

दुपारच्या ताटाला ती वेळेवर हजर होती. बाही वर, कोपर पडद्याला, "बरोबर आहे." मी पिंजरे मांडले. तिच्यासाठी मीच रडले, मोरीत जाऊन, नळ सोडून.

त्यानंतर ती तशीच राहिली. गावात तिला आता मुद्दाम वाकून नमस्कार घालायला लागले, तेही तिने तसंच घेतलं. आमच्या माद्या हळूहळू सावरल्या. रक्त देणाऱ्या गाई आम्ही माशीघरामागेच बांधल्या, आणि पराती पुन्हा भरायला लागल्या. थंड टेबल तिने सोडलं नाही. डॉक्टरांनी दुसरं काम देऊ केलं होतं, तिने विचारलं की आता बोटं परत येणार आहेत का.

मग दोनेक वर्षांनी एका सकाळी फाटकाशी साउमू उभी. अंग भरलेलं, पाठीला कांग्यात बांधलेलं मूल. मुहेझातल्या एका गवंड्याने तिला मागणी घातली होती, हातिबूच्या पडवीतल्या त्या चार म्हाताऱ्यांपैकी एकाचा नातू. म्हाताऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, म्हणून घरात कुणी नाही म्हटलं नाही. हे सगळं तिने भराभरा मला सांगितलं, पण डोळे माझ्यामागच्या दारात हिदायाला शोधत होते.

आत मुलं आणायची मनाई, रडणं माद्यांना सोसत नाही. म्हणून हिदाया बाहेर आली, कडुनिंबाखाली. साउमूने गाठ सोडली, मूल पुढे घेतलं आणि न विचारता तिच्या हातात ठेवलं. मुलगी होती. झोपेतच होती.

हिदाया तिला दोन्ही तळव्यांवर धरून उभी राहिली, पिंजरा धरतात तशी, अंगापासून लांब.  तिने अंगठा हळूच त्या पोटावरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत कधी न बघितलेली भीती होती.

"रिझिकी, ही गरम आहे का गं? मला कळत नाही."

 मी पुढे झाले आणि तिची बाही वर सरकवली. तिने पोरीला छातीशी घेतली आणि कोपराची आतली बाजू तिच्या उघड्या पोटाला टेकवली. आत ताट तापून तयार होतं, कुणीतरी दारातून हाक मारत होतं.

"बरोबर आहे," हिदाया म्हणाली. आणि हात काढला नाही.